चार बोटांचं गवत

भदाणे सर समोरून येताना दिसले की माणूस नकळत आधी स्वतःच्या पायांकडे बघायचा. कारण सर तिथेच बघत असायचे. आम्ही एकाच कॉलेजात शिकवलं, धुळ्याच्या एका टोकाला एकाच कॉलनीत समोरासमोर राहिलो, पण माझ्या चेहऱ्याकडे त्यांनी किती वेळा नीट बघितलं असेल याची मला शंकाच आहे. माझ्या चपला मात्र त्यांना पाठ होत्या. "ताई, आज तुम्ही बसस्टँडकडून आलात," असं ते स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत म्हणायचे आणि माझ्या साडीच्या काठाला चिकटलेलं एखादं कुसळ चिमटीत धरून दाखवायचे. मी इतिहास शिकवते. चोरासारखं असं पकडलं जायची मला सवय नव्हती. सुरुवातीला मला या माणसाचा भयंकर राग यायचा.

पूर्ण नाव हिलाल भदाणे. गाव शिंदखेड्याच्या बाजूचं, विषय वनस्पतिशास्त्र. अंगाने काटकुळे, उंच, आणि सतत खाली बघून बघून मानेत कायमचा बाक आलेला. खांद्याला शबनम आणि शबनममध्ये बूट-पॉलिशचा एक जुना ब्रश. वर्गात शिरण्याआधी सर दारात उभे राहून पँटची खालची दुमड झटकायचे, मग एक एक पाऊल उचलून चपलेचा तळ ब्रशने साफ करायचे, मगच आत. एसटीत चढताना तेच, कोणाच्या घरी गेले तरी तेच. स्वतःच्या घरी तर पायरीवर बसून दोन्ही पायांची साग्रसंगीत झाडपूस चालायची. पोरांनी त्यांचं नाव ब्रशसर ठेवलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. विचारलं तर म्हणायचे, "आपल्या पायाने कोणाच्या घरात कोणाला नेऊ नये." मला तेव्हा वाटायचं, हा माणूस जरा अतिच करतो.

वनस्पतिशास्त्राचा माणूस म्हणजे जंगलात रमणारा, अशी माझी समजूत होती. सरांना जंगलात काडीचा रस नव्हता. सातपुड्यात सहल न्यायची वेळ आली की ते तोंड वाकडं करायचे. "तिथं सगळं जिथल्या तिथं आहे हो. मला माणसाने बिघडवलेली जागा दाखवा." मग ती जागा कुठलीही चालायची. उकिरडा, एमआयडीसीचा नाला, एन.ए. करून वर्षानुवर्षं तसेच पडलेले प्लॉट, क्रिकेटच्या पिचची कड. जामनेरला आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. मंगलाष्टकं सुरू झाली, अक्षता वाटल्या गेल्या, सर गायब. शेवटी सापडले मांडवाच्या मागे, आचाऱ्यांनी भांड्यांचं खरकटं पाणी जिथे सोडलं होतं तिथे उकिडवे बसलेले. हातात अक्षता तशाच. "मंगल कार्यालय होऊन किती वर्षं झाली?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, मला काय माहीत. "इथं दहा-बारा वर्षं तरी साबणाचं पाणी पडतंय," ते म्हणाले, "आणि हे गवत आता साध्या पाण्यावर जगेल की नाही मला शंका आहे." मग उभे राहून अक्षता त्यांनी आचाऱ्याच्याच अंगावर टाकल्या आणि जेवायला आले.

त्यांचं एक पालुपद होतं. "जागा केली की कोणीतरी येतं." रस्ता खणला, भिंत पडली, नवी वसाहत झाली, मुरमाचा ढीग पडला, की सर हे वाक्य म्हणायचे. आम्ही हसायचो. स्टाफरूममध्ये कोणी खुर्चीवरून उठलं आणि दुसरा बसला तरी एखादा टवाळ सरांच्या आवाजात ते म्हणून दाखवायचा. त्या वाक्यात घाबरण्यासारखं काही आहे, असं तेव्हा कोणालाच वाटलं नाही.

मला ते पहिल्यांदा जाणवलं पाचोऱ्याच्या स्टेशनवर. आम्ही दोघं तिथल्या कॉलेजात परीक्षेच्या कामाला गेलो होतो आणि परतीच्या गाडीला वेळ होता. जामनेरची छोटी गाडी पूर्वी तिथूनच सुटायची. ती बंद होऊन थोडाच काळ झाला होता. सर मला तिच्या रुळांपाशी घेऊन गेले. ते म्हणाले, "गाडी चालू होती तोवर मी इथं दरवर्षी यायचो. रुळांच्या मध्ये जे उगवायचं ते सगळं जमिनीला चिकटलेलं. डोकं वर काढलं की गाडी कापून न्यायची. त्यामुळे डोकं वर काढणारं कोणी उरलंच नव्हतं. आता बघा." मी बघितलं. रूळ दिसतच नव्हते. कमरेएवढं रान माजलं होतं आणि वाऱ्यावर डुलत होतं. "गाडी गेल्याचं कळायला माणसांना वेळ लागला, यांना नाही लागला," सर म्हणाले. "ताई, तुमच्या इतिहासात राजा मेला की किती दिवसांनी दुसरा येतो?" मी काहीतरी उत्तर दिलं. ते ऐकत नव्हते. त्या उंच गवताकडे ते ज्या नजरेने बघत होते तिच्यात कौतुक होतं, पण निम्मंच. उरलेली निम्मी नजर मला आवडली नाही.

आता मूळ गोष्टीकडे येते, म्हणजे गाजरगवताकडे.

मी कॉलेजात रुजू झाले त्या वर्षी आवारात गाजरगवत छातीपर्यंत आलं होतं. ग्रंथालयाच्या मागे तर वाटच राहिली नव्हती. सर तेव्हा ऐन जवानीत होते. त्यांनी प्राचार्यांपुढे एक कल्पना मांडली. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाला सगळं कॉलेज हजर असतं, नंतर जिलेबी असते. तर जिलेबीच्या आधी सगळ्यांनी मिळून गाजरगवत उपटायचं. तारीखही त्यांनी विचार करून काढली होती. पाऊस पडल्यावर उगवलेलं गवत पंधरा ऑगस्टच्या सुमाराला नुकतं कळ्या धरतं, बी धरायच्या आत ते निघालं पाहिजे. "आधी गवत, मग जिलेबी," ही घोषणा त्यांचीच. पोरांनी ती डोक्यावर घेतली.

पहिल्या वर्षीचे सर माझ्या डोळ्यांपुढे आहेत. पांढरा सदरा, बाह्या दंडापर्यंत सारलेल्या, सगळ्यांच्या पुढे. वाकायचे, बुडखा धरायचे, उपटायचे, झटकायचे, मागे टाकायचे. हातमोजे-बितमोजे कोणाच्या गावी नव्हते. मागून सुकदेव नाना, आमचे शिपाई, दोन्ही हातांनी कवळ भरभरून उचलायचे आणि होस्टेलच्या मागे ढीग लावायचे. दुपारपर्यंत आवार स्वच्छ झालं आणि सरांच्या अंगावर हिरवट डाग आणि घाम. मी त्या दिवशी त्यांच्यावरचा राग सोडून दिला. इतका आनंदी माणूस मी कॉलेजात दुसरा बघितला नव्हता.

मग ते दरवर्षीचं झालं. आजूबाजूच्या शाळांनी उचललं, पेपरात फोटो यायला लागले, कॉलेजच्या माहितीपुस्तकात 'आमचे उपक्रम' या मथळ्याखाली पहिलं नाव त्याचं लागलं. सरांची ती आयुष्याची कमाई होती. संशोधन वगैरे त्यांनी फार केलं नाही. पण पंधरा ऑगस्ट त्यांचा होता.

काही वर्षांनी त्यांच्या पापण्या सुजायला लागल्या. पावसाळा आला की सुजायच्या, दिवाळीच्या सुमाराला उतरायच्या. सर म्हणायचे, चष्म्याचा नंबर बदलला असेल. पुढे मान, मग सदऱ्याच्या उघड्या गळ्यापाशी त्रिकोणी चट्टा, मग कोपरांच्या आतली बाजू. खाज अशी की बोलता बोलता मध्येच थांबायचे, दात आवळायचे आणि पुन्हा बोलायला लागायचे. वर्षावर्षाने ती कातडी काळी, जाड होत गेली, भरितासाठी भाजलेल्या वांग्याची साल असते तशी. तरी पंधरा ऑगस्टला सर पुढेच. त्यांच्या पत्नी मंगलावहिनी दारातून ओरडायच्या, "कितला डाव सांगं तुमले, आते तरी ऐका!" सर पायरीवर बसून ब्रशने चपला झाडत हसायचे.

शेवटी वहिनींनीच त्यांना ओढत जळगावला नेलं, कातडीच्या डॉक्टरांकडे. त्यांनी सरांच्या पाठीवर वेगवेगळ्या गोष्टींच्या छोट्या पट्ट्या चिकटवल्या आणि दोन दिवसांनी काढून बघितल्या. बाकी सगळ्या पट्ट्यांखालची कातडी शांत होती. एका पट्टीखाली लालभडक फोड उठला होता. ती गाजरगवताची. डॉक्टर म्हणाले, तुमच्या शरीराने याला शत्रू ठरवलंय आणि शरीर ही गोष्ट आता विसरणार नाही. हात लावला नाही तरी वाऱ्यावर उडणारा परागसुद्धा पुरे आहे. पुढे श्वासावर जाईल. शहराच्या कडेला राहू नका, मधल्या वस्तीत, वरच्या मजल्यावर जा. सरांची मुलगी जळगावातच असते, तिसऱ्या मजल्यावर. म्हणजे सोय होती.

सर परत आले ते जवळजवळ फुशारक्या मारत. "ताई, पाठीवर माझंच झाड उगवलं!" मी हसले नाही. वहिनी स्वयंपाकघरात रडत होत्या.

ते जळगावला गेले नाहीत. त्यांनी बंद गळ्याचे, मनगटापर्यंत बटणं असलेले सदरे शिवून घेतले. आमच्याकडच्या उन्हाळ्यात, जिथे माणूस बनियनमध्येही शिजतो, तिथे हा माणूस गळ्यापर्यंत बंद, वर तोंडाला गमछा, अशा अवतारात फिरायचा. निवृत्त झाले तरी सकाळी कॉलेजच्या आवारात चक्कर चुकायची नाही. घर बांधलं ते इथे, माणसं इथली, आणि पंधरा ऑगस्ट इथला. ते सोडून तिसऱ्या मजल्यावर काय करायचं, असं म्हणायचे.

त्यानंतरच्या एका जुलैत त्यांनी मला सकाळीच हाक मारली. "ताई, चला. काहीतरी दाखवायचंय." आवाज नेहमीचा नव्हता. कॉलेजच्या मैदानाच्या कडेला ते उभे राहिले आणि काठीने जमिनीकडे दाखवलं. मला काही दिसेना. "वाका," ते म्हणाले. वाकले तेव्हा दिसलं. चार बोटं उंचीचं काहीतरी, पानं जमिनीला धरून पसरलेली, आणि वर पांढरी फुलं, टाचणीच्या डोक्याएवढी. ओळखू आलं नाही.

"गाजरगवत आहे," सर म्हणाले.

मी म्हटलं, "एवढंसं?"

"एवढंसंच. आणि फुललंय. पंधरा ऑगस्टला अजून कितीतरी दिवस आहेत. तोवर याचं बी जमिनीत पडून मोकळंसुद्धा होईल." ते काठी टेकून सावकाश पुढे गेले आणि दाखवत राहिले. इथे, इथे, झेंड्याच्या चौथऱ्याच्या खाली, ग्रंथालयाच्या पायरीच्या भेगेत. एकदा नजर बसल्यावर मलाही दिसायला लागलं. सगळीकडे होतं. आम्ही रोज त्याच्यावरून चालत होतो.

मी आपलं शहाण्यासारखं म्हटलं, जमीन खराब असेल, पाणी कमी पडलं असेल. सर म्हणाले, तेच तपासतो. त्यांनी त्याचं बी धरलं. दुसरं बी आणलं शिंदखेड्याकडच्या त्यांच्या भावाच्या शेताच्या बांधावरून, जिथे कधी कोणी एक काडी उपटलेली नव्हती. पुढच्या पावसाळ्यात गच्चीवर कुंड्यांच्या दोन रांगा लावल्या. माती एकच, पाणी सारखंच, पेरणी एकाच दिवशी. वरून मच्छरदाणी बांधली, म्हणजे पराग उडू नये. स्वतः हातमोजे आणि मास्क घालून, जाळीच्या बाहेरून बघायचे. वहिनींनी माझ्याजवळ येऊन कपाळाला हात लावला. "सगळं गाव दुश्मनले घरना भाईर काढस, हाऊ माणूस कुंडीमा पाळस."

गच्चीवर त्यांनी मला नेलं तो दिवस ढगाळ होता. एका रांगेतलं गवत गुडघ्याला लागलं होतं, हिरवंगार, कळीचा पत्ता नाही. दुसऱ्या रांगेतलं जेमतेम वीतभर, आणि पांढऱ्या फुलांनी भरलेलं.

"हे भावाच्या बांधावरचं," त्यांनी उंच रांगेकडे बोट केलं. मग बुटक्या रांगेकडे बघून नुसते उभे राहिले. मी म्हटलं, "आणि हे कॉलेजचं."

"हे माझं," सर म्हणाले.

मला कळलं नाही, तेव्हा त्यांनी मास्तरासारखं विचारलं, "ताई, तुम्ही दरवर्षी एकाच दिवशी परीक्षा घेतलीत, प्रश्नही तेच ठेवलेत, तर काय होईल?"

"सगळे पास होतील."

"मी तेच केलं. जे उंच वाढत बसलं, उशिरा फुललं, ते पंधरा ऑगस्टला आपल्या हाताला लागलं आणि संपलं. जे बुटकं होतं, घाईने फुललं, ते कोणाला दिसलंच नाही. त्याचं बी पडलं. पुढच्या वर्षी त्याची पोरं. पुन्हा त्यातली उंच तेवढी आपण काढली. एवढी वर्षं मी हजार हजार पोरं लावून हे बी निवडून घेतलं. कुठल्या बीजगुणन केंद्राने केलं नसतं इतक्या काळजीने." त्यांनी गमछा तोंडावरून खाली केला. मग आपल्या बोलीत, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "हाई गवत शिकी गयं, ताई. मीच शिकाडं."

मला त्या गच्चीवर भीती वाटली. एवढ्याशा पांढऱ्या फुलांची वाटली, हे आज लिहिताना हास्यास्पद वाटतं. पण वाटली.

त्या दिवसापासून सरांनी दोन गोष्टी मनावर घेतल्या. पंधरा ऑगस्टचं उपटणं बंद करायचं, आणि त्याऐवजी पावसाळाभर, कोवळं रोप दिसेल तेव्हा, हातमोजे घालून थोड्या थोड्या जणांनी काढायचं. ठरलेला दिवस नको. आणि उघड्या हाताने तर नकोच नको. प्राचार्यांकडे ते किती वेळा गेले असतील कोण जाणे. आमचे नवे प्राचार्य गोड बोलणारे. त्यांनी चहा पाजला, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, यंदा उपक्रमाचं रौप्यमहोत्सवी वर्ष आहे. तुम्हीच प्रमुख पाहुणे. असं ऐनवेळी बंद कसं करणार?" सर मला म्हणाले, "हरकत नाही. माईक तर माझ्या हातात येईल."

पंधरा ऑगस्टला ते आले. गळ्यापर्यंत बंद सदरा, हातमोजे, गमछा. वहिनी माझ्या शेजारी बसल्या होत्या आणि त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. झेंडावंदन झालं, शाल-श्रीफळ झालं. सर बोलायला उभे राहिले.

"मी तुमची माफी मागायला आलोय," ते म्हणाले. "पंचवीस वर्षं आपण हे गवत उपटतोय..."

कडकडून टाळ्या पडल्या.

त्यांनी हात वर करून थांबवायचा प्रयत्न केला. परीक्षेचं उदाहरण दिलं, पोरं हसली. बुटकं गवत दिसत नाही, म्हणाले, तुम्ही आत्ता त्याच्यावरच बसला आहात. पोरं आणखी हसली आणि एकमेकांच्या बुडाखाली बघायला लागली. उघड्या हाताने उपटू नका, माझी कातडी बघा, असं म्हणून त्यांनी गमछा काढला आणि सदऱ्याची वरची बटणं सोडली. हसणं थांबलं. पण मागे कोणाला काय चाललंय हे दिसतच नव्हतं आणि स्पीकर खरखरत होता. प्राचार्यांनी हळूच माईक घेतला. "आयुष्यभर ज्यांनी आपलं शरीर या कार्यासाठी झिजवलं, त्या सरांचा हा विनय!" शिटी वाजली. "आधी गवत, मग जिलेबी!" एक हजार पोरं मैदानाकडे धावली. सर व्यासपीठावर उभेच होते, हातात कोणीतरी कोंबलेला पुष्पगुच्छ.

मग त्यांना सुकदेव नाना दिसले. नाना आता थकले होते, पण काम तेच. दोन्ही हातांनी गवताचा मोठा कवळ छातीशी धरून होस्टेलकडे निघालेले. सर पायऱ्या उतरून त्यांच्याकडे गेले. मी मागोमाग गेले. सर नानांच्या मानेकडे बघत होते. मानेवर, कानाखाली, काळी जाड कातडी. पापण्या सुजलेल्या.

"नाना, हे कधीपासून?"

"घामोळ्या शेतस, सर. दर पावसाळाले व्हतस."

सरांनी पुष्पगुच्छ टाकला. "ठेव ते खाली, नाना."

"असं कसं सर, उचलनं पडी ना."

"ठेव म्हणतो ना!" मी सरांचा आवाज एवढा चढलेला पहिल्यांदा ऐकला. नानांनी कवळ सोडला नाही. एवढ्या मोठ्या माणसाच्या हाती गवत द्यायचं, तेही आजच्या दिवशी, हे त्यांना पटणारं नव्हतं. "तुम्ही नका हात लावू सर, तुमले तरास व्हस. आम्ही शेतस ना." सरांनी त्यांच्या हातातून गवत ओढलं. हातमोजे निसटले की त्यांनी काढले, मला दिसलं नाही. उघड्या गळ्याने, उघड्या हातांनी, ते सगळं गवत सरांच्या छातीवर आलं, तोंडावर आलं, आणि पांढरी भुकटी उडाली. वहिनींनी मागून टाहो फोडला. कोणाचा तरी कॅमेरा चमकला.

दुपारी सरांचे डोळे मिटले ते उघडेनात. संध्याकाळी श्वास लागला. आम्ही त्यांना गाडीत घालून जळगावला नेलं. वाटेत पारोळ्यापर्यंत वहिनी नुसत्या त्यांच्या छातीवर हात ठेवून बसल्या होत्या, श्वास चालू आहे ना हे बघत. तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या बाकावर मी पेपर उघडला. आतल्या पानावर फोटो होता. सर गवताचा कवळ छातीशी धरलेले, शेजारी नाना. खाली लिहिलं होतं, साठीनंतरही श्रमदानात आघाडीवर. मी तो पेपर घडी करून पर्समध्ये टाकला आणि वहिनींना दाखवला नाही. मला इतका संताप कधी आला नव्हता आणि तो काढायचा कोणावर हेही कळत नव्हतं.

सर वाचले. पण धुळं सुटलं. सामान न्यायला टेम्पो आला त्या दिवशी दहा मिनिटांसाठी ते आले होते, गाडीच्या काचा बंद करून. कुंड्यांतलं गवत मुलीने आधीच जाळून टाकलं होतं. निघताना सर गाडीतून उतरले, वहिनी नको नको म्हणत असताना आपल्या पायरीवर बसले आणि शबनममधून ब्रश काढला. चपलेचे तळ, पँटची दुमड, सगळं शांतपणे झाडलं. मग टेम्पोकडे बोट करून ड्रायव्हरला म्हणाले, "भाऊ, चाकं धुतलीत का?" ड्रायव्हर हसला. सरांनी पुन्हा विचारलं नाही. तेवढा दम राहिला नव्हता.

नाना त्या वर्षी निवृत्त झाले. त्यांच्या डोळ्यांना आता बाराही महिने सूज असते. कॉलेजात पंधरा ऑगस्ट चालू आहे. उपटायला उंच गवत फारसं सापडत नाही, म्हणून प्राचार्य उपक्रम यशस्वी झाल्याचं सांगतात. पोरं अर्ध्या तासात जिलेबीकडे वळतात. मी मैदानावरून जाताना खाली बघते.

यंदा ऑगस्ट संपता संपता मी जळगावला सरांना भेटायला गेले. दारातच त्यांनी अडवलं. "चपला बाहेर, ताई, आणि आधी हा घ्या." ब्रश दिला. मी निमूटपणे पायरीवर बसून चपला झाडल्या. मला आता त्याचं हसू येत नाही. सर बरे दिसत होते. मान अजून काळी होती, पण पापण्या उतरल्या होत्या, आणि श्वास घेताना आवाज येत नव्हता. वहिनींचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झालेला बघितला. "आते झोप लागस माले," त्या म्हणाल्या. "आठे काही शे नही. बठ्ठं सिमेंट." इथे गवत नाही, सगळं सिमेंट, हेच त्यांचं सुख. त्यांनी भरीत-भाकरी केली होती. खिडक्या बंद, पंखा चालू. सर जेवताना कॉलेजबद्दल काही बोलले नाहीत. मी निघताना त्यांनी हळूच विचारलं, "यंदा कधी फुललं?"

"मागच्यापेक्षा लवकर," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, ऐकलेली बातमी पुन्हा ऐकावी तशी.

खाली येऊन फाटकापाशी मी मागे वळून बघितलं. सर तिसऱ्या मजल्यावरच्या बंद काचेमागे उभे होते. मी हात हलवला. त्यांनीही हात वर केला, पण तो हलवला नाही. बोट खाली करून ते माझ्या पायांकडे दाखवत होते. जुनी सवय, मला वाटलं, आणि मी चपलांकडे बघितलं.

फाटकाच्या आत, भिंत आणि सिमेंट जिथे मिळतात त्या भेगेत, एक ओळ उभी होती. चार बोटं उंच, आणि वर टाचणीच्या डोक्याएवढी पांढरी फुलं. हे बांधाबिंधावरचं नव्हतं. हे आमच्या कॉलेजचं होतं. टेम्पोच्या चाकाला आलं की मागच्या खेपेला माझ्या चपलेला, देव जाणे.

मी घाबरून वर बघितलं. सरांच्या मागे, खोलीत, वहिनी जेवणाची ताटं उचलत होत्या. सर काचेच्या अगदी जवळ आले आणि त्यांनी तेच बोट आपल्या ओठांवर ठेवलं.